पाटली मोडू, गहाण ठेवू की कार्डाचं व्याज भरत राहू?

भांडुपची_सून

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचत आलेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. सांभाळून घ्या.

घरात आम्ही पाच जण. मी, नवरा, सासू-सासरे आणि अकरावीतला मुलगा. दोघांचा मिळून हातात येणारा पगार 98 हजार. घराचा हप्ता 31 हजार (33 लाख बाकी, अजून 18 वर्षं). सासऱ्यांच्या बायपासच्या वेळी काढलेल्या पर्सनल लोनचा हप्ता 9,400. हॉस्पिटलचं डिपॉझिट तेव्हा कार्डावर भरलं होतं, पाठोपाठ मुलाच्या क्लासची फीही त्यावरच गेली. आज कार्डावर 1 लाख 40 हजार बाकी आहेत. दर महिन्याला किमान रक्कम म्हणून 7 हजार भरतो आणि आकडा जागचा हलत नाही.

माझ्याकडे माहेरच्या दोन पाटल्या आहेत. सोन्याचा भाव तोळ्याला लाखाच्या वर गेल्यापासून एकच विचार डोक्यात आहे, की एक पाटली मोडली तरी कार्ड कोरं होईल. नवरा म्हणतो, सोनं तुझं, मी त्यात बोलणार नाही. सासूबाई म्हणतात, हातपाय धड आहेत तोवर घरातली लक्ष्मी बाजारात नेऊ नये. आईला फोनवर सांगितलं तर तिला रडूच आलं.

60 हजारांची एक एफडी आहे, ती अडीअडचणीला ठेवलीय. बाकी शिल्लक म्हणाल तर नवऱ्याचा पीएफ. काय करावं?

विरार_फास्ट

पहिला! वाचून प्रतिसाद देतो.

बंड्या

अंथरूण पाहून पाय पसरावेत हे मान्य. पण मुंबईत 380 स्क्वेअर फुटांत पाच जणांची अंथरुणं घातली की पाय पसरायला जागा उरते कुठे?

चक्रवाढ

ताई, आधी आकडा का हलत नाही ते बघू. बँकेत जन्म गेला, त्यामुळे थोडं रटाळ होईल.

तुमच्या कार्डाचा दर स्टेटमेंटच्या मागच्या बारीक अक्षरांत असेल. महिना साडेतीन टक्के धरू. 1,40,000 वर व्याज झालं 4,900. त्यावर 18 टक्के जीएसटी 882. एकूण 5,782. तुम्ही 7,000 भरता, म्हणजे मुद्दल कमी होतं फक्त 1,218 ने. जीएसटी धरून वर्षाचा दर 50 टक्क्यांच्या आसपास जातो.

आणखी एक गोष्ट बरेच जण विसरतात. मागची बाकी पूर्ण भरली नसेल, तर नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. त्या कार्डावर आज भाजी घेतली तर भाजीवरही आजपासून व्याज. म्हणून पहिलं काम म्हणजे कार्ड पाकिटातून काढायचं आणि ज्या-ज्या अॅपमध्ये त्याचा नंबर साठवलाय तिथून पुसायचा.

आता पाटलीबद्दल. मोडायची गरज नाही, गहाण ठेवा. सरकारी बँकेत सोनेतारण कर्ज साडेनऊ टक्के वार्षिक धरलं तर 1,40,000 वर महिन्याचं व्याज साधारण 1,108 येतं. कार्डाचं 5,782 आणि हे 1,108. दर महिन्याला आज जे 7 हजार भरता तेच तिकडे भरत राहिलात, तर 22 महिन्यांत पाटली परत हातात. तेच 7 हजार कार्डावर भरलेत आणि नवी खरेदी एक रुपयाचीही केली नाहीत, तर 44 महिने लागतील. आणि बाकी उतरेल तशी किमान रक्कमही उतरते. तुम्ही नुसती तेवढीच भरत गेलात तर किती वर्षं लागतील ते विचारूच नका.

पार्लेकर

चक्रवाढ यांचा हिशोब बरोबर, पण निष्कर्ष पटला नाही. गहाण कशाला? विकून मोकळं व्हा. ज्या घराचा निम्मा पगार हप्त्यांत जातो त्या घरात आणखी एक कर्ज आणायचं, नाव फक्त वेगळं. पाटल्या कपाटात पडून असतात. वर्षातून एकदा हळदीकुंकवाला बाहेर निघणार आणि त्यासाठी लॉकरचं भाडं भरणार.

अनघा_मुलुंड

@पार्लेकर, पुरुषांना बायकांचं सोनं विकायचा सल्ला फार पटकन सुचतो. नवऱ्याची बाइक विका असं अजून एकानेही म्हटलेलं नाही.

पार्लेकर

बाइक आहे हे कुठे लिहिलंय?

अनघा_मुलुंड

भांडुपला राहतात आणि बाइक नाही?

भांडुपची_सून

आहे. 2014 ची. विकली तर दोन महिन्यांचा किराणाही येणार नाही :)

गिरणगाव

सासूबाईंवर कोणी हसू नका. त्या पिढीने सोनं गेल्यावर काय होतं ते डोळ्यांनी पाहिलंय. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी शाळेत होतो. लालबागला आमच्या चाळीत आधी दागिने गेले, मग तांब्या-पितळेची भांडी, शेवटी माणसं गावाला गेली. वाटलं होतं, दोन-तीन महिन्यांचा प्रश्न आहे, सोडवून आणू. आईचं डोरलं परत आलं नाही. त्यामुळे 'गहाण ठेवा, 22 महिन्यांत परत' हे कागदावर ठीक असलं, तरी मधे नोकरी गेली तर काय, याचं उत्तर आधी द्या.

त्याच्याही आधीच्या काळी पगाराच्या दिवशी गिरणीच्या गेटवर व्याजाने पैसे देणारा पठाण काठी घेऊन उभा असायचा. आजोबा मागच्या दाराने निघायचे. खाणावळी चालवणाऱ्या बायका तर दुहेरी अडकलेल्या. कामगार पगार झाल्यावर पैसे देणार आणि किराणा मात्र रोज आणायचा, तोही व्याजाने पैसे काढून. प्रेमाताई पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच बायकांसाठी. सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळवून दिलं. या बायका कर्ज बुडवतील असं सगळ्यांना वाटत होतं, त्यांनी फेडून दाखवलं.

बंड्या

आता पठाण गेटवर नसतो, फोनमध्ये असतो. 'तुमच्यासाठी 3 लाखांचं कर्ज मंजूर झालंय'. मी मागितलं कधी?

विरार_फास्ट

सगळं वाचलं. माझं मत, भिशी लावा. आमच्या लोकलच्या डब्यात 20 जणांची आहे, महिना 5 हजार. ज्याला गरज तो बोली लावून आधी उचलतो. ना कागद, ना सिबिल, म्हणजे आधीच्या कर्जफेडीची नोंद.

चक्रवाढ

आणि बोली कितीला जाते?

विरार_फास्ट

गणपतीच्या आधी जरा चढते. मागच्या वेळी एकाने 22 हजार सोडले आणि 78 घेतले.

चक्रवाढ

म्हणजे लाखाच्या भिशीत हातात 78 आले आणि त्याचे हप्ते चालूच. त्या 22 चा वाटा थोडा-थोडा सगळ्यांना मिळतो, म्हणून गोड वाटतं. ज्याने उचलले त्याच्यासाठी ते व्याजच आहे, आणि चांगलंच जड. नोंदणी नसलेल्या भिशीत कोणी उचल घेऊन विरारच्या पुढे उतरला, तर तुम्ही कुणाकडे जाणार?

बंड्या

टीसीकडे.

खमंग

हिशोब तज्ज्ञ लोक सांगतीलच, मी स्वयंपाकघरातून बोलते. ताई, तुमचे आकडे मी मांडून पाहिले. 98 मधून तीन हप्ते 47,400 गेले. उरले 50,600. यात पाच माणसं मुंबईत राहतात, सासऱ्यांची औषधं आहेत, मेंटेनन्स आहे. ओढाताण होणारच. पण मला खात्री आहे, चार-पाच हजार कुठेतरी झिरपत असतील. आमच्याकडे ते यूपीआयमधून जायचे. नोटा जाताना दिसतात, हे दिसत नाहीत. वीस रुपयांची कोथिंबीर, चाळीसचा चहा, मुलाचा सव्वाशेचा रोल, आणि दहा मिनिटांत घरी येणारं ते सगळं. दूध संपलं म्हणून अॅप उघडायचं आणि फुकट डिलिव्हरीसाठी वर चिवडा, बिस्किटं, आइस्क्रीम.

मी काय केलं, तर घरखर्चाचं खातं वेगळं केलं. पगार झाला की 24 हजार तिकडे टाकायचे आणि यूपीआय फक्त त्याच खात्याला जोडलेलं ठेवायचं. माझ्या, ह्यांच्या आणि मुलीच्या फोनवर तेच. पगाराच्या खात्याला यूपीआय नाहीच. पहिल्या महिन्यात 19 तारखेला खातं कोरडं पडलं. मग दहा दिवस पिठलं, उसळी, आमटी आणि घरातले पापड. मुलीने तोंड वाकडं केलं. पुढच्या महिन्यात ती स्वतःच विचारायला लागली, 'आई, किती उरलेत?'

वाण्याची वही मात्र बंद करू नका असं माझं मत. आमचा वाणी महिन्याने पैसे घेतो, व्याज लावत नाही, आणि वहीत सगळं लिहिलेलं असतं. महिन्याला तीन किलो साखर का लागते हे मला त्या वहीनेच दाखवलं.

अनघा_मुलुंड

खमंगताई +1. फक्त 'दहा दिवस पिठलं' हे घरातल्या पुरुषांनाही करायला लावलं होतं ना?

खमंग

ह्यांना पिठलं येतं. गाठी होतात, पण येतं.

निवांत

मला सगळे वेड्यात काढतील, पण सांगतो. भाव चढतोय तर विकू नका, गहाणही ठेवू नका. कार्डवाल्या बँकेला फोन करा, 'भरता येत नाही' म्हणा, सेटलमेंट करा. माझ्या मित्राने अर्ध्यात मिटवलं. वाचलेल्या पैशांची एसआयपी लावा, म्हणजे दरमहा म्युच्युअल फंडात टाका.

वकीलीणबाई

@निवांत, मित्राचा सिबिल रिपोर्ट पाहिलात का? सेटलमेंट केली की 'सेटल्ड' असा शेरा पडतो, 'क्लोज्ड' असा नाही. पुढे मुलाच्या शिक्षणाचं कर्ज काढायची वेळ आली, की बँक तो शेरा वाचूनच बोलायला सुरुवात करते. ज्याला भरणं खरंच अशक्य आहे त्याच्यासाठी तो मार्ग आहे. ताई भरू शकतात. आणि 50 टक्क्यांचं कर्ज अंगावर असताना एसआयपी हे माझ्या समजुतीपलीकडचं आहे.

कायद्याच्या दोन गोष्टी सांगते. पाटल्या माहेरच्या, लग्नात मिळालेल्या, म्हणजे स्त्रीधन. त्यावर पूर्ण मालकी बाईची, हे सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्ये प्रतिभा राणी खटल्यात सांगितलं आणि एप्रिल 2024 मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. अडचणीत नवऱ्याने ते वापरलं तर परत करायची नैतिक जबाबदारी त्याची, असंही त्यात आहे. ताईंचे यजमान 'तुझं सोनं, मी बोलणार नाही' म्हणाले ते मालकीपुरतं योग्यच. पण कार्ड घरासाठी वापरलं असेल तर सोडवायच्या हप्त्याबद्दल त्यांनी बोललं पाहिजे.

दुसरं, हप्ता चुकल्यावर वसुलीचे फोन आले तर घाबरू नका. सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर वसुलीसाठी फोन करता येत नाही. नातेवाइकांना, शेजाऱ्यांना फोन करून बेअब्रू करणंही चालत नाही. बँकेकडे लेखी तक्रार करा. 30 दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, फुकट, वकील न लावता.

बंड्या

वकिलानेच 'वकील न लावता' म्हणणं हा या धाग्याचा सर्वोच्च बिंदू आहे.

गिरणगाव

थोडं अवांतर. ताईंच्या किंवा यजमानांच्या ऑफिसात कर्मचाऱ्यांची पतपेढी आहे का? आमच्या खात्यात होती. दर बरा आणि हप्ता पगारातूनच कापला जायचा, त्यामुळे चुकायचा प्रश्नच नाही. फक्त दोन जामीनदार द्यावे लागायचे आणि त्यांच्यासाठी तुम्हाला जामीन राहावं लागायचं. एकाने व्हीआरएस (स्वेच्छानिवृत्ती) घेऊन गाव गाठलं आणि त्याचं कर्ज माझ्या पगारातून कापलं गेलं. 'सही तर करायचीय' एवढंच म्हणाला होता.

वकीलीणबाई

बरोबर. 1872 च्या करार कायद्याचं कलम 128. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. 'आधी त्याच्याकडून वसूल करा, मग माझ्याकडे या' असं एरवी म्हणता येत नाही. सही करताना असं समजून करा की कर्ज आपणच काढतोय.

विरार_फास्ट

मी तीन जणांना जामीन आहे. जेवण गेलं माझं.

चक्रवाढ

धाग्यावर परत येऊ. गिरणगाव यांनी नोकरीचा मुद्दा काढला तो खरा आहे, म्हणून एफडी पूर्ण मोडू नका असं माझं म्हणणं. पण 60 हजार एफडीत सात टक्क्यांच्या आसपास मिळवणार आणि कार्डाला 50 देणार, हेही बरोबर नाही. 30 कार्डावर टाका, 30 ठेवा. मग तारणाची रक्कम 1 लाख 10 हजारांवर येईल आणि 7 हजारांनी 17 महिन्यांत मोकळे व्हाल.

दुसरा मुद्दा घराच्या कर्जाचा. 2025 च्या फेब्रुवारीपासून जूनपर्यंत रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो, 6.50 वरून 5.50 टक्क्यांवर आला. तुमचं कर्ज रेपोशी जोडलेलं असेल तर तुमचा दरही खाली आला असणार. पण हप्ता 31 चाच राहिलाय का? बहुतेक बँका दर उतरला की हप्ता तसाच ठेवून मुदत कमी करतात. एरवी ते चांगलंच. पण आज तुम्हाला हातात पैसे हवेत. 33 लाख, 18 वर्षं, 9 टक्क्यांनी हप्ता येतो 30,900 च्या आसपास. तेच 8 टक्क्यांनी 28,900. म्हणजे मुदत आहे तीच ठेवून हप्ता कमी करून मागितला तर महिन्याला 2 हजार सुटतात. शाखेत जाऊन लेखी मागा. कर्ज जुन्या पद्धतीचं, एमसीएलआरवालं, म्हणजे बँकेच्या स्वतःच्या दराशी जोडलेलं असेल तर थोडं शुल्क भरून रेपोवर नेता येतं. तो अर्जही त्याच दिवशी द्या.

निवांत

मग ते 2 हजार एसआयपीत

अनघा_मुलुंड

नाही.

पार्लेकर

चक्रवाढ, विकण्याबाबत माझा मुद्दा अजून शाबूत आहे.

चक्रवाढ

शाबूत आहे, पण विकताना काय-काय कापलं जातं ते धरा. घडणावळ गेली. सोनार तूट धरणार. वर भांडवली नफ्यावर कर आहे. दोन वर्षांहून जुनं सोनं 23 जुलै 2024 नंतर विकलं तर नफ्यावर साडेबारा टक्के. ताईंच्या लग्नाच्या वेळचा भाव आणि आजचा भाव बघा, जवळपास सगळा नफाच दिसेल. आणि पुढे मुलाच्या लग्नात तशीच पाटली करायची म्हटली की पुन्हा घडणावळ आणि जीएसटी. ज्यांच्याकडे हप्ता भरायला पैसेच नाहीत त्यांनी जरूर विकावं. ताई 7 हजार भरतायत.

भांडुपची_सून

बापरे, दोन दिवस आले नाही तर केवढं लिहिलंय सगळ्यांनी. सगळं सासूबाईंना वाचून दाखवलं. गिरणगावकाकांच्या डोरल्याशी थांबवून त्यांनी ते पुन्हा वाचायला लावलं. त्या मूळच्या काळाचौकीच्या, तोही गिरण्यांचाच भाग.

आज शनिवारी सकाळी नवरा आणि मी शाखेत गेलो. आधी घराच्या कर्जाचं विचारलं. दर खरंच खाली आला होता, हप्ता तोच होता आणि मुदत कमी केली होती. मेसेज आला होता म्हणे, पण मेसेज वाचतो कोण. हप्ता कमी करायचा अर्ज दिलाय.

मग सोनेतारण. बँकेने ठरवलेल्या सोनाराने पाटली घासून, वजन करून पाहिली. आत भरलेल्या लाखेचं वजन वजा केलं, म्हणून माझ्या अंदाजापेक्षा वजन कमी भरलं. पण 1 लाख 10 हजारांना पुरेसं आहे. एक ओव्हरड्राफ्टसारखा प्रकार आहे, त्यात हवे तेव्हा पैसे भरता येतात आणि जेवढं वापरलं त्यावरच व्याज. दुसरा वर्षाने एकरकमी भरायचा. आम्ही पहिला घ्यायचं ठरवतोय. सही अजून केली नाही, सोमवारी जाणार.

हप्त्याचं नवरा स्वतःहून बोलला. घराचे 2 हजार सुटतील ते त्यात घालून 9 हजार भरायचे म्हणतोय, आणि ते त्याच्या पगारातून. खमंगताई, यूपीआयचं खातं वेगळं केलंय. मुलगा माझ्यावर नाराज आहे, सासरे खूश आहेत.

चक्रवाढ

उत्तम. 9 हजारांनी तेरा-चौदा महिन्यांत सुटेल. सोमवारी तीन गोष्टी विचारा. प्रोसेसिंग फी आणि सोनाराची फी किती, वर्षाने नूतनीकरण करावं लागतं का, आणि हप्ता चुकला तर लिलावाची नोटीस किती दिवस आधी देतात. उत्तरं कागदावर घ्या. पैसे बचत खात्यात ठेवू नका, त्याच दिवशी कार्डात भरा, एफडीचे 30 हजारही त्यातच. शेवटच्या स्टेटमेंटनंतरचं व्याज पुढच्या बिलात येईल, त्याने दचकू नका. ते भरलंत की कार्ड कोरं.

पार्लेकर

आणि मग कार्ड बंद करा.

चक्रवाढ

इथे आपलं एकमत.

वकीलीणबाई

माझं नाही. हॉस्पिटलवाल्या घरात एक कार्ड असू द्यावं. मर्यादा कमी करून घ्या, 30 हजार वगैरे.

खमंग

सासूबाई काय म्हणाल्या शेवटी?

भांडुपची_सून

एवढंच म्हणाल्या की पावती मी माझ्याकडे ठेवते.

विरार_फास्ट

अवांतर प्रश्न. मी कधी कर्ज काढलं नाही, कार्ड नाही, तरी सिबिल बघायला पैसे पडतात का? आणि ते जामीनाचं त्यात दिसतं का?

चक्रवाढ

वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. असे रिपोर्ट देणाऱ्या चार कंपन्या आहेत, चौघींकडून. त्यांच्या अधिकृत साइटवरूनच काढ, जाहिरातीतल्या लिंकवरून नको. जामीन राहिलेली बँकेची कर्जंही त्यात दिसतात. तिघांचे हप्ते वेळेवर जातायत का ते आधी बघ, मग जेव.